भोपाळच्या त्या अनाम बाळाचा फोटो प्रदर्शनाच्या दारात लावावा का?

भोपाळकर

माझं माहेर भोपाळचं. आम्ही टी. टी. नगरात राहायचो, म्हणजे तलावाच्या अलीकडे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तेव्हा वारा जुन्या शहराकडे वाहत होता, म्हणून आम्ही वाचलो.

गेल्या डिसेंबरात पुण्यात गॅसपीडितांच्या फोटोंचं फिरतं प्रदर्शन आलं होतं. मांडामांडीला हात लावायला मी गेले होते. चोवीस फोटो, सगळे आज हयात असलेल्यांचे, प्रत्येकाचा स्वतःच्या उंबरठ्यावर काढलेला. खाली नाव आणि त्या माणसाने स्वतः सांगितलेल्या चार ओळी.

त्यातला एक डोळ्यांसमोरून हलत नाही. कारखान्यासमोरच्या जे. पी. नगरातल्या आजी. डावा डोळा पांढुरका, ओढणीच्या टोकाला किल्ली बांधलेली. मांडीवर नवऱ्याची तसबीर. पासपोर्ट फोटोवरून मोठी केलेली, आणि शर्टाची कॉलर स्टुडिओवाल्याने हाताने रंगवलेली. फोटो काढणार म्हणून आजींनी ठेवणीतले कपडे घातलेत, घड्यांच्या रेघा दिसतात.

पण दारातच संयोजकांनी ते जगप्रसिद्ध चित्र लावलं होतं, पाच फुटी फ्लेक्सवर. मातीत अर्धं पुरलेलं बाळ, उघडे डोळे. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोन्ही छायाचित्रकारांनी ते बाळ टिपलं. बार्थोलोम्यूंच्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाळ कुणाचं, हे आजतागायत कळलेलं नाही.

लोक त्या फ्लेक्सपाशी थांबत, मोबाईलवर फोटो घेत, आणि आतले चोवीस चेहरे पाच मिनिटांत उरकून बाहेर पडत. आजींसमोर कुणी थांबलं नाही. मला ते फार लागलं. माझं म्हणणं, तो फ्लेक्स काढावा. ज्या लेकराच्या वतीने हो किंवा नाही म्हणायला कुणी उरलं नाही, त्याला जाहिरातीसारखं दारात टांगू नये.

अंधारखोली

ताई, तुमचा त्रास समजतो, पण मी पूर्ण विरोधात आहे. तीस वर्षं वृत्तपत्रासाठी फोटो काढले, त्यातून बोलतोय.

"हो म्हणायला कुणी उरलं नाही" हे तुम्ही फोटो काढून टाकायचं कारण म्हणून देताय. माझ्या मते फोटो लावायचं कारणच ते आहे. मृतांचा सरकारी आकडा आधी २,२५९ होता, मग ३,७८७ झाला, आणि पीडितांच्या संघटना १५ हजारांच्या पुढचा आकडा सांगतात. या मधल्या फरकात कोण आहे? दावा सांगायला मागे कुणी न राहिलेली माणसं. त्यांच्या बाजूची साक्ष म्हणून हा एक चेहरा आहे. तोही परवानगी नाही म्हणून उतरवायचा? मग ज्या कंपनीने अख्खी कुटुंबं संपवली, तिच्या आयतंच पथ्यावर पडेल.

आणि राय तो एक फोटो काढून मोकळे झाले नाहीत. पुढे ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेसाठी ते पुन्हा भोपाळला गेले, वाचलेल्यांचे फोटो काढले, ते प्रदर्शनही देशोदेशी फिरलं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? बाळच. याला लोकांचा दोष म्हणू नका. डोळा तिथेच थांबतो.

निवृत्त शिफ्ट इंजिनियर

माझा आक्षेप दोघांवरही आहे. चेहरे पाहून माणूस हळहळतो आणि घरी जातो. हे घडलं कसं, ते कुठल्याच फोटोत नाही.

६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन होतं. त्यात पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिने बंदच होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर बंद, त्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला. वायू धुऊन निष्प्रभ करणारा स्क्रबर एवढा लोंढा पेलणारा नव्हता. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत सरकत झोपड्यांत शिरला. यातली एकेक गोष्ट टाळता येण्यासारखी होती.

आयुष्य रासायनिक कारखान्यात गेलं. रात्रपाळीत टाकीतला दाब दाखवणारा गेज नेहमीपेक्षा वर दिसला की पोटात गोळा यायचा, आणि "गेजच बिघडला असेल" म्हणणारा कुणीतरी शेजारी असायचाच. मला त्या प्रदर्शनात तो गेज पाहायचाय. आजींचा फोटो जरूर असू द्या, पण शेजारी टाकीचा नकाशा हवा.

भोपाळकर

इंजिनियरसाहेब, नकाशाचं मान्य, मनापासून.

अंधारखोली, तुमच्या साक्षीच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. त्या दिवसांत हमीदिया रुग्णालयात मृतांचे फोटो काढून, नंबर घालून लावले होते, नातेवाइकांना ओळख पटावी म्हणून. भोपाळच्या चेहऱ्यांचं पहिलं प्रदर्शन म्हणायचं तर ते. तिथेही कुणाची परवानगी नव्हती, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कारण समोर उभा असलेला माणूस आपलं कुणी त्यात आहे का ते शोधत होता. पुण्यात त्या फ्लेक्ससमोर उभ्या राहिलेल्यांपैकी कुणालाही ते बाळ ओळखायचं नव्हतं. फोटो दोन्हीकडे मृतांचाच, पण तो लावलाय कुणासाठी, याने सगळा फरक पडतो.

चार इमली

मी भोपाळमध्येच असतो, वस्त्यांमध्ये जाणंयेणं आहे. भोपाळकरताई, एक विचारतो, राग मानू नका. दर वर्षी डिसेंबरात मोर्चा निघतो, त्यात गॅसपीडित बायका स्वतः त्या बाळाचं चित्र हातात धरून चालतात. त्यांनी ते आपलं मानलंय. मग पुण्यात बसून तुम्ही कुणाच्या वतीने ते उतरवायला सांगताय?

या बायकांच्या हाती काय लागलं ते बघा. १९८९ चा ४७ कोटी डॉलरचा समझोता, बहुतेक जखमींना सुरुवातीला २५ हजार रुपये. २०१० मध्ये आठ जण दोषी ठरले, शिक्षा दोन वर्षं. कंपनीचा तेव्हाचा अध्यक्ष वॉरन अँडरसन खटल्यासाठी इथल्या कोर्टासमोर कधी उभा न राहताच २०१४ मध्ये वारला. २०२३ मध्ये वाढीव भरपाईची याचिकाही फेटाळली गेली. एवढं सगळं झाल्यावर ज्या चित्राने अजून चार माणसं थांबतात, ते त्या का सोडतील?

तुमचं एक मात्र खरं आहे. नाव आणि आवाज असला की माणूस वेगळ्या तऱ्हेने थांबतो. इथलं 'रिमेंबर भोपाळ' संग्रहालय त्याच पद्धतीने उभं आहे. पीडितांनी दिलेल्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या आठवणी. लोक तिथे रिसीव्हर कानाला लावून उभे असतात.

डोंबिवली पूर्व

मी वाचत होते फक्त, पण आता लिहिते. आमच्या एमआयडीसीत २०१६ च्या मेमध्ये स्फोट झाला, २०२४ च्या मेमध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी आमच्या स्वयंपाकघराच्या काचा कणकेत पडल्या. पोळ्यांची परात तशीच उचलून कचऱ्यात टाकली. त्या दिवशी मुलगी घरी होती.

हे प्रदर्शन कलादालनांत फिरवू नका हो. आमच्याकडे आणा. तारापूरला न्या, महाडला न्या, लोट्याला न्या. फक्त ते बाळ दारात नको. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, ती दारातूनच परत फिरेल, आणि तिने आजींना भेटावं असं मला वाटतं.

भोपाळकर

चार इमली, राग कसला. तुमचं वाचून गप्प बसले. मोर्चातल्या बायकांच्या हातातलं चित्र हा त्यांचा हक्क, त्याला मी कोण नाही म्हणणार? पण तो हक्क आमचा नाही. फ्लेक्सबद्दल मी हटणार नाही. संयोजकांना एवढंच सुचवलंय की ते चित्र आत, शेवटच्या भिंतीवर, लहान आकारात लावा. चोवीस जणांना भेटून जो तिथवर पोचेल, तो पाहील. अंधारखोली, हे तुम्हाला पटणार नाही हे ठाऊक आहे.

इंजिनियरसाहेब, टाकीचा नकाशा आणि खाली दहावीच्या मुलाला कळेल अशा मराठीत एक पान, एवढं तुम्ही लिहून द्याल का?

डोंबिवली पूर्व, तुमच्याजवळ एखाद्या शाळेचा किंवा सोसायटीचा हॉल मिळेल? चोवीस फ्रेम आहेत, प्रत्येकी दोन फूट बाय तीन. भिंतीला खिळे मारू देत नसतील तर पुण्यात आम्ही मांडववाल्याकडून बांबू आणून सुतळीने बांधल्या होत्या, छान राहतात. आजींची फ्रेम मात्र खिडकीसमोर नको. काचेवर उजेड आला की ती हाताने रंगवलेली कॉलर दिसत नाही.