मदत हवी आहे: गाडी मधेच पिकअप सोडते, थ्रॉटल बॉडी बदलू का?

परतूरकर:
चालता चालता गाडी एकदम पिकअप सोडायलीय. एक्सलेटर पार खाली दाबला तरी इंजिन २००० आरपीएमच्या वर जाईना, मीटरमध्ये पिवळा दिवा लागतो. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की दहा-पंधरा किलोमीटर नीट. काल वाटूर फाट्याच्या पुढं असंच झालं, मागं उसाचा ट्रक आणि गाडी तीसच्या वर जाईना. अण्णा मागच्या सीटवर झोपलेले, मला घाम फुटला. मिस्त्री म्हणतो थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) गेली, नवी टाका, १८ हजार. मंगळवारी अण्णांना तपासणीसाठी संभाजीनगरला न्यायचंय. टाकू का? लवकर सांगा.

लातूरचा_पाव्हणा:
अजिबात टाकू नका. कार्बन बसलाय. थ्रॉटल बॉडी खोलून क्लीनर स्प्रे मारा, गाडी पळती की नाही बघा. माझ्या गाडीचं ह्यानंच गेलं.

अंबडचा_वायरमन:
थांबा. कोणत्या सालची, पेट्रोल का डिझेल? गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला का, बिघाडाचा कोड काय आला?

परतूरकर:
२०१६, पेट्रोल. मिस्त्रीनं स्कॅनर लावला होता, कोड उडवून टाकला. नंबर सांगितला नाही.

अंबडचा_वायरमन:
कोड लिहून घेतल्याशिवाय उडवायचा नसतो. परत दिवा लागू द्या, ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (कोड वाचायचं छोटं यंत्र) कुणाकडून तरी आणा आणि मोबाइलवर वाचा.

गेवराईकर:
सीएनजी असेल तर फिल्टर बदला आणि प्लग तपासा. माझी गाडी आता किलोला २६ देते.

परतूरकर:
सीएनजी आहे, ते लिहायचं राहिलं. पण पेट्रोलवर पण असंच होतंय. अ‍ॅव्हरेजचा प्रश्न नाही भाऊ. आज कोड मिळाला, पी२१३८.

अंबडचा_वायरमन:
मग थ्रॉटल बॉडीला हात लावू नका. ह्या गाडीत एक्सलेटरला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, दोघं आपापलं व्होल्टेज कॉम्प्युटरला पाठवतात. बऱ्याच गाड्यांत एकाचं दुसऱ्याच्या दुप्पट असतं. दोघांचा मेळ बसला नाही की पाय खरंच किती दाबलाय ते कॉम्प्युटरला कळत नाही, म्हणून तो गाडी जपून, हळू चालवतो. पी२१३८ म्हणजे पेडलच्या दोन सिग्नलचा मेळ नाही. थ्रॉटलच्या सेन्सरचा मेळ बिघडला असता तर पी२१३५ आला असता.

लातूरचा_पाव्हणा:
कोड-बिड ठीक आहे, पण साफ करायला काय जातंय? शंभर गाड्या अशा नीट झालेल्या आहेत.

अंबडचा_वायरमन:
कार्बननं आयडल (गाडी उभी असतानाची इंजिनची चाल) वरखाली होतं, गाडी सिग्नलला बंद पडते. पी२१३८ कार्बननं येत नाही. आणि साफ करणाऱ्यांना हात जोडून सांगतो, चावी चालू असताना त्या झडपेत बोट घालू नका. मोटर ती कधीही फिरवते, बोट चेपतं.
परतूरकर, इंजिन बंद, चावी ऑन. डोंगलवर पेडलचे दोन्ही आकडे लावा आणि पेडल अगदी हळू दाबा. मग पेडल न हलवता दुसऱ्या माणसाला बोनेटखालचा वायरींचा गुच्छा हलवायला सांगा.

परतूरकर:
केलं. पेडल सोडलेलं असताना ०.७६ आणि ०.३८. दाबत गेलो तसे दोन्ही नीट वर गेले, कुठं अडकले नाहीत. पण पुतण्यानं बॅटरीजवळचा गुच्छा हलवला की दुसरा आकडा एकदम शून्य. सोडला की परत जागेवर.

अंबडचा_वायरमन:
पेडल चांगलं आहे, वायर तुटकी आहे. गाडी रात्री कुठं लावता?

परतूरकर:
शेतातल्या आखाड्यावर. पत्र्याखाली, सोयाबीनच्या पोत्यांशेजारी.

अंबडचा_वायरमन:
हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर एवढं विचारावंच लागलं नसतं. उंदरांनी वायर कुरतडली असेल. बॅटरीचा ट्रे काढा, खाली बघा.

मानवतकर_सर:
उंदरांसाठी तंबाखूची पुडी ठेवा. बोनेटमध्ये चार पुड्या टाकल्यापासून आमच्याकडं त्रास नाही.

गेवराईकर:
तंबाखूनं काही होत नाही सर, आमच्याकडं पुडी पण कुरतडली. डांबरगोळ्या जाळीच्या पिशवीत बांधा.

मानवतकर_सर:
डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत येतो. लहान लेकरं असतील तर नको.

परतूरकर:
ट्रे काढला. खाली सोयाबीनची टरफलं आणि चिंध्यांचं घरटं. पेडलकडून येणाऱ्या एका वायरीचं प्लॅस्टिक गव्हाच्या दाण्याएवढं कुरतडलेलं, आत तांब्याचे दोनच तार शिल्लक, तेही हिरवे पडलेले. जालन्याच्या इलेक्ट्रिशियननं सडकी वायर कापून नवा तुकडा सोल्डर केला, वर हीट श्रिंक आणि नळी चढवली. ३५० रुपये घेतले. कोड उडवला, परत आला नाही. काल अण्णांना नेऊन आणलं, जाताना-येताना दिवा लागला नाही. वायरमनदादा, तुमचे उपकार. पोती दुसऱ्या खोलीत हलवली, गाडी आता अंगणात लावतो.

लातूरचा_पाव्हणा:
चांगलं झालं. तरी एकदा कार्बन साफ करून घ्याच.

पाथरीचा_शेतकरी:
माझ्या गाडीला पी२१३५ आलाय, गाडी पण आखाड्यावरच असते. वायरमनदादा, मी कोणती वायर बघू?