बाबांच्या कडक ब्लॉकेजसाठी रोटा की शॉकवेव्ह? नागपूरला कुठं न्यावं?

कापूसवाला_दारव्हा
नमस्कार मंडळी. बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे. शेताच्या धुऱ्यापर्यंत चालले तरी छाती भरून येते. यवतमाळला अँजिओग्राफी केली. एलएडीत, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या मोठ्या नसेत, ९० टक्के ब्लॉकेज, त्यात कॅल्शियम भरपूर. साध्या फुग्यानं उघडणार नाही, रोटा किंवा शॉकवेव्ह लागेल, नागपूरला न्या म्हणाले. गावात सगळे म्हणतात शॉकवेव्हच घ्या, नवीन आहे. चांगलं कोणतं?

कॅथलॅबवाला
भाऊ, मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. नवं-जुनं पाहून हे ठरत नसते. रोटात हिऱ्याचे कण बसवलेला, मोहरीएवढा बर (घासायचं टोक) तारेवरून आत जातो अन् मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत कडक थर घासतो. मऊ भिंत लवते म्हणून वाचते. भुगा तांबड्या पेशीहून बारीक असतो, रक्तासोबत निघून जातो. पण कधी पुढच्या बारीक नसांत प्रवाह मंदावतो.

शॉकवेव्ह मुतखडा फोडायच्या तंत्रातून आलं. फुगा हलक्या दाबावर, ४ अ‍ॅटमॉस्फिअरला फुगवतात, आतून लहरी सोडतात. भिंतीत खोलवरच्या कॅल्शियमला तडे जातात, मग स्टेंट पूर्ण उघडतो. पण तो फुगा जागेवर पोचला तर! शिरतच नसेल तर आधी रोटानं वाट करतात. बिलात मग दोन्ही.

म्हणून आयव्हस किंवा ओसीटी, म्हणजे नसेच्या आतून चित्र घ्यायची तपासणी, करणार का, हे आधी विचारा. नसेच्या आत पाहिल्याशिवाय कॅल्शियम किती जाड, किती गोलाईत, ते नीट कळत नाही.

वर्धेची_सून
खर्चाचं सांगते. २०१७ पासून स्टेंटच्या किमतीला सरकारी मर्यादा आहे, ती स्टेंटपुरतीच. रोटाचा बर, शॉकवेव्हचा फुगा, आयव्हसचं कॅथेटर (बारीक नळी) यांचे पैसे वेगळे लागतात. फुले योजनेत अँजिओप्लास्टी आहे, पण ही सामग्री पॅकेजात बसते का, ते भरती व्हायच्या आधी आरोग्यमित्राकडून लिहून घ्या. आमच्याकडे टेबलावर घेतल्यावर सांगितलं होतं, तेव्हा कोण नाही म्हणणार?

कॅथलॅबवाला
आणखी एक. ब्लॉकेज एलएडीतच आहे का? उजवी नस कशी आहे?

कापूसवाला_दारव्हा
भावानं रिपोर्टचं दुसरं पान आता पाठवलं. आरसीए, म्हणजे उजवी नस, १०० टक्के बंद, "सीटीओ" लिहिलंय. डाव्या बाजूनं तिला रक्त मिळतं म्हणे.

कॅथलॅबवाला
मग गोष्ट बदलली. सीटीओ म्हणजे ३ महिने किंवा जास्त पूर्ण बंद असलेली नस. ती उघडायला वेगळ्या तारा, मायक्रोकॅथेटर (अगदी बारीक नळी) अन् त्यात हात बसलेला डॉक्टर लागतो. कधी डाव्या नसेतून उलटं फिरून जावं लागते. शुगर अन् एकाहून जास्त नसा, तर बायपासचं मतही घ्याच. हृदयाचे सर्जन असलेल्या ठिकाणीच जा. नस फाटली तर तेच धावून येतात. नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं सुपर स्पेशालिटी किंवा मिहानचं एम्स, तिथून सुरुवात करा. क्रिएटिनिनचा रिपोर्ट ठेवा, नसा दिसाव्या म्हणून सोडतात त्या डायमुळे किडनीवर ताण येतो. अ‍ॅस्पिरिन मनानं बंद करू नका.

कापूसवाला_दारव्हा
सोमवारी सुपरला निघतो. अँजिओची सीडी उद्या घेतो.

वर्धेची_सून
सीडी तिथंच कॉम्प्युटरवर लावून पाहा जी, कधी कोरी निघते.