मदत हवी आहे: पेन्शनची पद्धत बदलताना मधल्या पिढीने दोनदा का भरायचं?

लोकहो, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे विचारतेय. आमच्या अभ्यासगटात येत्या रविवारी मला बोलायचंय: पेन्शन, शिक्षण, आरोग्य यांचा खर्च सरकारं भागवतात कशी आणि सुधारायला गेलं की घोडं कुठे अडतं. शिक्षण आणि आरोग्य पंधरा-पंधरा मिनिटांत उरकू असा बेत होता. पेन्शनपाशीच गाडी रुतली.

आधी मला कळलंय ते मांडते, चुकलं तर कान धरा.

ढोबळ तऱ्हा दोन. एक, आज कमावणाऱ्यांकडून घ्यायचं आणि आजच निवृत्तांना वाटायचं. मध्ये साठत काही नाही, फार तर थोडी गंगाजळी. दुसरी, ज्याने त्याने आपल्या खात्यात भरायचं, ते गुंतवायचं आणि म्हातारपणी मुद्दल-व्याज खायचं.

पहिलीचा हिशोब कागदावर मांडला. १०० कमावते, ३० निवृत्त, पेन्शन पगाराच्या निम्मी. पगारातून १५ टक्के कापले की तोंडमिळवणी होते. निवृत्त ५० झाले की हप्ता २५ टक्के. हप्ता १५ वरच रोखला तर पेन्शन पगाराच्या ३० टक्क्यांवर येते. वय वाढवून त्या ५० मधले १० जण पुन्हा कामाला बसवले, तर ४० जणांचा भार ११० जणांवर, हप्ता साधारण १८. सरकारांचा डोळा नेहमी निवृत्तीच्या वयावर का असतो ते इथे कळलं. आणि लोक चिडतात का तेही. फ्रान्समध्ये २०२३ साली ६२ चं ६४ करायचं ठरलं तेव्हाचे मोर्चे आठवा.

पहिल्या पिढीची मात्र चंगळ. अमेरिकेत पहिला मासिक चेक जानेवारी १९४० मध्ये आयडा मे फुलर या बाईंना गेला, २२ डॉलर ५४ सेंटचा. तोवर त्यांनी भरले होते एकूण २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि जवळजवळ २२,८८९ डॉलर घेऊन गेल्या!

आता प्रश्न. पहिलीवरून दुसरीवर जायचं ठरलं आणि तरुण मंडळी स्वतःच्या खात्यात भरायला लागली, तर आजच्या म्हाताऱ्यांना कोण देणार? त्यांनी जन्मभर आधीच्यांना पोसलं, त्यांच्या नावावर दमडी नाही. म्हणजे मधल्या पिढीने स्वतःचंही साठवायचं आणि आधीच्यांचंही भरायचं. थोरला भाऊ म्हणतो, "सरकार कर्ज काढेल की, दोनदा कशाला भरायचं? चिलीने केलंच ना?" तो चुकतोय असं आतून वाटतंय, पण कुठे ते दाखवता येईना. जाणकारांनी मदत करा.

प्रतिसाद:

चिलीचं नाव घेताना जपून. १९८१ मध्ये त्यांनी पगाराच्या १० टक्के खाजगी कंपन्यांकडच्या वैयक्तिक खात्यात वळवले, हे खरं. पण जुन्या पेन्शनी सरकारी तिजोरीतूनच चालू राहिल्या. जुन्या पद्धतीत ज्यांनी भरलं होतं आणि जे नव्यात आले, त्यांना निवृत्तीच्या वेळी वटणारे रोखे दिले, त्यांचाही पैसा सरकारचाच. याची तजवीज म्हणून आधी काही वर्षं सरकारने खर्च आवळून शिल्लक तयार केली होती. म्हणजे लोकांनी दोनदा भरलंच, फक्त दुसरी पावती पेन्शनच्या नावाने फाडली नाही. लष्करी राजवट होती, 'का' म्हणून विचारायला संसद नव्हती. आणि गंमत बघा, लष्कराने स्वतःला जुन्याच पद्धतीत ठेवलं.

पुढे २००८ मध्ये करातून आधारपेन्शन आणावी लागली. ज्यांची नोकरी मध्ये मध्ये सुटली, विशेषतः बायका, त्यांच्या खात्यात पुरेसं जमलंच नव्हतं.

प्रतिसाद:

ताई, भावाला सरसकट मोडीत काढू नका, तो अर्धा बरोबर आहे. जुन्या पद्धतीतलं "तुम्हाला पेन्शन देऊ" हे वचनही कर्जच असतं, फक्त वहीत लिहिलेलं नसतं. रोखे काढले की ते वहीत येतं, एवढाच फरक.

पण आता तो म्हणतो तसं सगळं कर्जावर करून बघा. कागदावर तीन चौकोन काढा: तरुण, सरकार, म्हातारा. तरुणाने १० रुपये खात्यात भरले. खातं सांभाळणाऱ्या कंपनीने त्याचे सरकारी रोखे घेतले. सरकारने ते १० म्हाताऱ्याला दिले. बाण कुठून निघाला आणि कुठे पोचला? तरुणाच्या खिशातून म्हाताऱ्याच्या खिशात, पूर्वी जात होता तसाच. मध्ये फक्त कंपनी आणि तिचं कमिशन आलं. देशात नवा कारखाना नाही की नवी यंत्रं नाहीत. खरी बचत वाढवायची तर कुणाला तरी आज पोटाला चिमटा काढावाच लागतो.

पोलंडमध्ये हे अक्षरशः घडलं. १९९९ मध्ये खाती सुरू झाली, फंडांनी ढीगभर सरकारी रोखे घेतले. २०१४ मध्ये सरकारने फंडांतली ५१.५ टक्के मालमत्ता काढून घेतली, त्यातले रोखे रद्द केले आणि तेवढा आकडा लोकांच्या नावे सरकारी पेन्शन संस्थेच्या वहीत मांडला. लोक म्हणाले आमचे पैसे ढापले. सरकार म्हणालं, ते आम्हीच तुम्हाला देणं लागत होतो! दोघंही आपापल्या जागी खरे. अर्जेंटिनाने २००८ मध्ये तर खाजगी खाती सरळ सरकारजमाच केली.

प्रतिसाद:

वरच्या दोघांना अनुमोदन. स्वीडन वगळू नका पण, माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा तोडगा तिथला. पैसा आजच्या आज निवृत्तांनाच जातो, पण प्रत्येकाचं कागदावर खातं असतं. एकूण हप्ता १८.५ टक्के, त्यातले १६ या कागदी खात्यात, अडीच खरोखर गुंतवायला. निवृत्त होताना खात्यातला आकडा सरासरी किती वर्षं जगणार त्याने भागतात. आयुर्मान वाढलं की पेन्शन आपोआप आक्रसते, दरवेळी कायदा बदलायला नको. वर, देणी जमेपेक्षा जास्त झाली की पेन्शनची वाढ रोखणारा, आपोआप लागणारा ब्रेकही आहे. तो २०१० मध्ये खरंच लागला, पण लागणार हे दिसताच राजकारण्यांनी आधीच सूत्र मऊ करून ठेवलं होतं. आपोआप म्हणतात ते इतपतच.

प्रतिसाद:

शिक्षण-आरोग्य पंधरा मिनिटांत? शुभेच्छा. :)

पेन्शनचा कागद आहेच, त्यावरच चढवा. माणूस लहानपणी घेतो, मधे देतो, म्हातारपणी पुन्हा घेतो. शिक्षण हा त्यातला पहिला हात. कमावते कमी होणारच असतील तर ते किती कमावतात यावर सगळं उभं, आणि ते शाळेत ठरतं. उच्च शिक्षणात ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये फी नंतर वसूल करायची पद्धत आणली: मिळकत ठरावीक रकमेच्या वर गेली की करासोबत कापायचे, नाही गेली तर नाही. पेन्शन उलटी केल्यासारखं, आधी घ्या आणि मग भरा.

आरोग्याला वैयक्तिक खातं चालत नाही. म्हातारपण बहुतेकांना येतं, मोठं दुखणं थोड्यांनाच येतं आणि त्यांचं खातं एका झटक्यात रिकामं होतं. तिथे एकत्र गोळा करण्याला पर्याय नाही. कुठून करायचं एवढाच वाद. जर्मनीने १८८३ पासून पगारातून विम्याचा हप्ता घेतला. ब्रिटनने १९४८ पासून मुख्यतः सर्वसाधारण करातून भागवलं. पगाराला बांधलं की कमावते घटल्यावर झरा आटतो. करातून घेतलं की दरवर्षी अर्थसंकल्पात रस्ते आणि सैन्याच्या मागे रांगेत उभं राहायचं.

आणि खर्च फुगतच जाणार हे धरून चाला. बॉमोल नावाच्या अर्थतज्ज्ञाचं जुनं निरीक्षण आहे: चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी जितकी माणसं आणि जितका वेळ लागायचा, तितकाच आजही लागतो. कारखान्यात एका माणसामागचं उत्पादन झपाट्याने वाढतं, त्याबरोबर पगार सगळीकडे वाढतात, पण शिक्षिकेला तीस मुलांच्या वह्या आणि नर्सला जखमेची पट्टी तेवढ्या वेगाने उरकता येत नाही. त्यामुळे शिक्षण आणि आरोग्य गळती नसतानाही महाग होतात.

धागाकर्ती:

तीन चौकोन काढून भावासमोर ठेवले. बाण बोटाने गिरवत तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "कमिशन कमी असेल तर?" म्हणजे पटलंय.

एक शेवटचं विचारू? माझ्या कागदावर पेन्शन पगाराला बांधलेली आहे. ती महागाईला बांधली आणि पगार मात्र वर्षाला दीड टक्का महागाईच्या वर वाढत गेले, तर २० वर्षांनी १०० चा पगार १३५ आणि पेन्शन ५० च. तेव्हा ५० निवृत्तांसाठी हप्ता २५ ऐवजी साडेअठराच येतो. वय न वाढवता! यात मेख कुठे आहे?

प्रतिसाद:

मेख तुमच्याच आकड्यात आहे. ५० भागिले १३५, पेन्शन पगाराच्या निम्म्यावरून ३७ टक्क्यांवर आली. ब्रिटनने १९८० मध्ये हेच केलं, सरकारी पेन्शनची वाढ पगारापासून तोडून महागाईला जोडली. कुणाची रक्कम कापली नाही, पण शेजारचा नोकरदार पुढे सरकत राहिला आणि म्हातारा होता तिथेच. वय वाढवलं तर मोर्चा निघतो. हे कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून अर्थमंत्र्यांना आवडतं.

धागाकर्ती:

कळलं. हे भावाला आज सांगत नाही. रविवारी तो पहिल्या रांगेत बसणार आहे.