कोड खुला ठेवला तर पोट कसं भरायचं?

चलानवाला, भोसरी:
इथल्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपला जॉबवर्क चलानं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहून दिलं. पस्तीस हजार ठरले, मिळाले. दोन महिन्यांनी चाकणहून फोन, "साहेब, चलानाची प्रिंट तिरकी येतेय." आपण कोण, तर मालकांचे साडू! पेनड्राइव्हवर कॉपी नेलेली. आता डोंगल लावू का, म्हणजे ती यूएसबीची किल्ली खोचल्याशिवाय प्रोग्रॅम चालणारच नाही? मित्र म्हणतो, जीपीएल लायसन्स लावून कोड खुला कर, कुणीही वापरो, बदलो, वाटो. मग घराचा हप्ता तो मित्र भरणार का?

जुना गडी, कर्वेनगर:
साडूंना प्रिंट सरळ करून दिलीत का? किती घेतलेत? अहो, गिऱ्हाईक तिथे होतं!

डोंगल मीही लावलेत. मार्केट यार्डातल्या एका आडत्याकडे ऐन आंब्याच्या सीझनला डोंगल गचकला. पहाटे पाचला गुलटेकडीला स्कूटर हाणली, तोवर पट्ट्या (शेतकऱ्यांची विक्रीची बिलं) हातानं लिहिणं चालू. चोर एकही सापडला नाही, पैसे दिलेला माणूस तेवढा अडकला. तेव्हापासून बंद.

हल्ली ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-स्टॉकचं तयार सॉफ्टवेअर बसवून देतो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं आहे, जीपीएलच. लायसन्सचा रुपया नाही. पैसे घेतो ते जुना डेटा चढवण्याचे, मुनीमजींना शिकवण्याचे (हे सगळ्यात अवघड) आणि एएमसीचे, म्हणजे वर्षाच्या देखभालीचे.

आणि जीपीएल म्हणजे फुकट नव्हे. जीपीएल लिहिणारा स्टॉलमन स्वतः १९८५ साली आपल्या ईमॅक्स एडिटरच्या टेपा १५० डॉलरला विकत होता. ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्यायचा. गावभर वाटायची सक्ती नाही. त्यानं पुढे वाटला तर अडवता मात्र येत नाही.

शंकेखोर:
एएमसी म्हणजे सालगडीच की. नवं लिहायचं कधी? एसक्यूलाइट या डेटाबेसवाल्यांनी कॉपीराइट सोडला, तरी ज्यांच्या वकिलांना वापराच्या हक्काचा कागद हवा त्यांना ६,००० डॉलरला हमीपत्र विकतात. भोसरीत कोण घेईल?

जुना गडी, कर्वेनगर:
सालगडी, कबूल. म्हणून बारा गिऱ्हाइकांवर थांबलो. नवा रिपोर्ट ज्याला हवा त्यानं लिहिण्याचे पैसे द्यायचे, बाकी अकरांना तसाच मिळतो. पहिल्यानं कुरकुर केली. पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पैशातलं बारकोड त्याच्याकडे आलं, तेव्हापासून आवाज नाही.

चलानवाला, भोसरी:
साडूंना फोन केला. प्रिंटचे आठशे, वर्षाचे सहा हजार म्हटलं. ते म्हणाले, "ते देऊ हो. आधी सांगा, आमच्या साडूंना किती लावलेत?"