मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी राज्यभर लावण्याची पद्धत बदलावी का?

गोदाकाठ (गंगापूर रोड, नाशिक) :
मर्यादित खर्चात केलेला मराठी चित्रपट मुंबई-पुण्यापासून नागपूरपर्यंत एकाच शुक्रवारी लावण्याची प्रथा मोडली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यावर विरोधी मते वाचायला आवडतील. मोठ्या हिंदी चित्रपटाला ही पद्धत मानवते, कारण प्रदर्शनाआधीच त्याचे नाव घराघरात पोहोचलेले असते. आपल्या निर्मात्याकडे तेवढा पैसा नसतो; त्याची खरी जाहिरात म्हणजे चित्रपट पाहून आलेला माणूस. हा माणूस रविवारी चित्रपट पाहतो, सोमवारी सातपूरच्या कारखान्यात चार जणांना सांगतो आणि ते चौघे तिकीट काढायला निघतात तोवर सोमवारचा गल्ला पाहून खेळ कमी झालेले असतात. मग दुपारी बाराचा एखादा खेळ उरतो, ज्याला नोकरदार जाऊच शकत नाही.

रिळांच्या काळात प्रती मोजक्या असत. एका शहरातला मुक्काम संपला की तीच प्रत पुढच्या गावी जाई आणि चित्रपटाच्या आधी त्याची ख्याती तिथे पोहोचलेली असे. म्हणून माझा प्रस्ताव असा की, पहिले दोन आठवडे चित्रपट तीन-चार शहरांतच लावावा, जाहिरातीचा सगळा पैसा तिथेच खर्च करावा आणि प्रतिसाद पाहून पुढे जावे. नाशिक या कामासाठी फार योग्य शहर आहे. कॉलेज रोडचा विद्यार्थी, अंबडचा कामगार आणि निफाड-दिंडोरीहून खरेदीला आलेले शेतकरी कुटुंब, असा सगळा प्रेक्षक इथे एकाच रांगेत भेटतो.

वितरण-व्यवसायी :
तुमची तळमळ मान्य आहे, पण हिशेब तुमच्या बाजूने नाही. निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात २००९ साली जो संघर्ष झाला, त्यानंतर हिंदी चित्रपटांसाठी ठरलेली वाटणी पाहा : पहिल्या आठवड्यात वितरकाला निव्वळ (कर वजा जाता उरलेल्या) उत्पन्नाचे ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के. आठवडा सरतो तसा आपला हिस्सा घटत जाणे, हेच या व्यवसायाचे गणित आहे. चित्रपट जितका हळूहळू चालेल तितका त्याचा लाभ चित्रपटगृहाला अधिक आणि निर्मात्याला कमी. त्यामुळे निर्माता पहिल्या तीन दिवसांत जमेल तेवढे गोळा करू पाहतो. त्याला हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट चोरीची. नाशिकमध्ये शुक्रवारी लागलेल्या चित्रपटाची मोबाइलवर उतरवलेली प्रत तिसऱ्या शुक्रवारपर्यंत सोलापुरात पोहोचलेली असेल, मग तिथे तिकीट कोण काढणार? शिवाय दूरचित्रवाणीवरची जाहिरात केवळ एका जिल्ह्यापुरती विकत मिळत नाही.

पडद्यामागे (नाशिक रोड) :
मी एकपडदा चित्रपटगृहाचे काम पाहतो, त्यामुळे खेळ का उतरवले जातात हे रोज अनुभवतो. दोनशे खुर्च्यांवर सातच माणसे बसली तरी वीज, वातानुकूलन आणि कर्मचाऱ्यांचे पगार तेवढेच लागतात. सरकारने २०१५ साली मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे करण्याचे जाहीर केले आणि विरोध होताच ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली. वेळ सैल झाल्यामुळे नियमाचा प्राण गेला, हे खरे. पण नियम कडक राहिला असता तरी त्याने खुर्च्या भरल्या असत्या, असे मला वाटत नाही. कोणता चित्रपट लागला आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला सरकार तिकीटबारीपर्यंत आणू शकत नाही. या बाबतीत मी मूळ प्रस्तावाच्या बाजूचा आहे.

मात्र एक दुरुस्ती सुचवतो. रिळे गेली आणि चित्रपट उपग्रहाने किंवा हार्ड डिस्कवर येऊ लागला, तेव्हा प्रत काढण्याचा मोठा खर्च वाचला. पण त्याच्या जागी व्हर्च्युअल प्रिंट फी, म्हणजे डिजिटल प्रक्षेपण-यंत्रणेपोटीचे शुल्क आले, जे निर्मात्याला पडद्यागणिक किंवा खेळागणिक मोजावी लागते. रिकाम्या पडद्यांसाठी ते मोजण्यापेक्षा कमी पडदे घेऊन ते टिकवणे शहाणपणाचे आहे, आणि वाचलेल्या पैशातून तिकीट स्वस्त ठेवता येईल. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, याचा लाभ छोट्या चित्रपटांनी अजून पुरेसा उचललेला नाही.

सिन्नरकर वाचक :
या चर्चेत छोट्या गावांचा विचार कोणीच केलेला नाही. ‘आधी तीन-चार शहरांत’ याचा अर्थ आम्ही सर्वांत शेवटी, असाच होतो. सिन्नर, येवला, मनमाड येथील प्रेक्षकापर्यंत चित्रपट येईपर्यंत तो ओटीटीवर आलेला असेल आणि मग ‘ग्रामीण प्रेक्षक चित्रपटगृहात येत नाही’ असा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे. ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी राज्यभर एकदमच लागला होता आणि त्याची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा अधिक होती. बायकांचे गटच्या गट एकत्र येऊन तो पाहत होते. एकाच दिवशी सर्वत्र लागूनही तोंडी प्रसिद्धीला वाव मिळतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण कोणते?

मालेगावकर :
आमच्या गावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात आणि पूर्वी तो दिवस चित्रपटाचा असे. इथल्या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्यांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने, गावातलेच कलाकार घेऊन चित्रपट केले आणि आपल्याच पार्लरमध्ये दाखवले. प्रेक्षक कुठे हसतो आणि कुठे उठून जातो, हे करणाऱ्याला समोर बसून कळत होते. दादासाहेब फाळके १९१३ साली मुंबईहून नाशिकला आले, तेव्हा चित्रीकरण, फिल्म धुणे आणि प्रेक्षकांपर्यंत नेणे ही कामे एकाच माणसाच्या देखरेखीखाली होती. आजचा मराठी निर्माता प्रेक्षकापासून फार दूर गेला आहे आणि प्रदर्शनाची तारीख पुढेमागे केल्याने ते अंतर कमी होणार नाही.

गोदाकाठ :
सिन्नरच्या वाचकांचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. शहराऐवजी जिल्हा हा घटक धरला, तर नाशिकबरोबरच सिन्नर आणि मनमाडलाही पहिल्याच शुक्रवारी चित्रपट लावता येईल. मात्र त्यांनी दिलेल्या उदाहरणात गर्दी वाढताना चित्रपटगृहांनी पडदे राखून ठेवले होते. ज्या चित्रपटात ओळखीचे चेहरे नाहीत, त्याला तेवढी मुदत मिळत नाही, आणि माझी काळजी त्याच चित्रपटाची आहे.

वितरण-व्यवसायी यांना विनंती की, त्यांनी दूरचित्रवाणीच्या पलीकडे पाहावे. वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्या आहेत आणि मोबाइलवरची जाहिरात हव्या त्या तालुक्यापुरती दाखवता येते. वाटणीबाबत मराठी निर्मात्यांनी एकत्र येऊन एकच मागणी करावी : ‘पहिला आठवडा’ हा त्या चित्रपटगृहातल्या पहिल्या खेळापासून मोजला जावा. मग तिसऱ्या शुक्रवारी सोलापूरला लागलेल्या चित्रपटालाही तिथे पूर्ण हिस्सा मिळेल.

वितरण-व्यवसायी :
ही मागणी रास्त आहे आणि करारात ती लिहून घेता येण्यासारखी आहे. परंतु महाराष्ट्र ही वितरणाची एकसंध बाजारपेठ नाही, हे लक्षात घ्या. चित्रपट-वितरणाच्या जुन्या विभागणीत मराठवाडा निझाम (जुने हैदराबाद संस्थान) क्षेत्रात आणि विदर्भ सी. पी. बेरारमध्ये (मध्य प्रांत व वऱ्हाड) मोडतो, त्यामुळे बोलणी वेगवेगळ्या माणसांशी करावी लागतात. दोन आठवड्यांनी चित्रपट पुढे न्यायचा असेल, तर त्या सर्वांनी तारखा आधीच राखून ठेवायला हव्यात. आणि ज्या शुक्रवारी मोठा हिंदी चित्रपट येणार आहे, त्या शुक्रवारचा पडदा आमच्यासाठी मोकळा ठेवणारा चित्रपटगृहमालक मला अजून भेटलेला नाही. पडद्यामागे यांनी सांगावे, ते तसे लेखी देतील का?

पडद्यामागे :
नाशिक जिल्ह्यात आधीचे दोन आठवडे चित्रपट निम्म्याहून अधिक खुर्च्या भरून चालला असेल, तर संध्याकाळचा एक खेळ तिसऱ्या आठवड्यातही राखण्याचे मी मालकांकडून लेखी घेऊ शकेन. त्याहून अधिक वचन देणे माझ्या हातात नाही.