मदत हवी आहे: मोटरहोममधला १६ अँपिअरचा एमसीबी (जादा प्रवाहाला वीज तोडणारा खटका) दुपारी पडतो, रात्री पडत नाही

नमस्कार. आम्ही दहिसरला राहतो. यजमान निवृत्त झाल्यावर आम्ही एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि तिचे मोटरहोम करून घेतले. पुढच्या महिन्यात तारकर्लीपर्यंत जाण्याचा बेत असून सोबत माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाई असतील. त्यांना उकाडा अजिबात सोसत नाही, त्यामुळे वाटेत एसी बंद पडलेला चालणार नाही आणि पुढील कोडे निघण्यापूर्वी सुटायला हवे.

गाडी सोसायटीच्या आवारात उभी असते. समितीची परवानगी घेऊन आम्ही तिथे सबमीटर बसवला आहे आणि त्याच्या १६ अँपिअरच्या सॉकेटमधून गाडीला वीज देतो. केबल सकाळी अकराच्या सुमारास जोडतो आणि रात्री झोपताना काढतो. गाडीच्या पश्चिमेकडील अंगाला एका बंद कपाटात डीबी (वीज वाटणारी पेटी) आहे, ज्यात १६ अँपिअरचा सी कर्व्ह डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास पडणारा खटका) आहे. एसी आणि इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर चालतात, तर फ्रिज, पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-अवर लिथियम बॅटरीवर चालतात.

दुपारी एसी चालू असताना इंडक्शनवर स्वयंपाक सुरू केला, की वीस-पंचवीस मिनिटांनी मुख्य एमसीबी पडतो. लगेच वर केला तर टिकत नाही, दहा मिनिटांनी केला तर टिकतो. रात्री नऊनंतर हीच दोन उपकरणे तासभर एकत्र चालवली तरी काही होत नाही. आरसीसीबी मात्र आजवर एकदाही पडलेला नाही. एसी १,१५० वॅटचा आणि इंडक्शन १,८०० वॅटचे आहे, म्हणजे २३० ने भागल्यास ५ आणि ७.८, एकूण १२.८ अँपिअर होतात. मग १६ चा एमसीबी का पडावा?

वायरिंग करणाऱ्या कारागिराचे म्हणणे असे, की १६ चा काढून ३२ चा बसवावा, आणि बॅटरीच्या मुख्य फ्यूजच्या जागीही घरगुती एमसीबी लावावा, म्हणजे फ्यूज बदलत बसावे लागणार नाही. गाडीतील तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या असून त्या प्लायवूडमागून गेल्या आहेत, म्हणून मला हा सल्ला पटत नाही. परंतु तो का चूक आहे हेही मला नीट सांगता येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, आपली शंका योग्य आहे, ३२ चा एमसीबी मुळीच बसवू नका. एमसीबीचे पहिले काम आपल्यापुढच्या तारेला जळण्यापासून वाचवणे हे आहे. ३२ चा बसवला तर २५-३० अँपिअर प्रवाह तासन् तास वाहिला तरी तो पडणार नाही. प्लायवूडमागे कोंडलेल्या तारेचे आवरण मात्र वितळेल, आणि १६ अँपिअरचा प्लग त्याआधीच काळा पडेल.

एमसीबीत दोन यंत्रणा असतात. शॉर्टसर्किट झाले तर चुंबकीय गुंडाळी त्याला क्षणात पाडते; सी कर्व्ह प्रकारात त्यासाठी क्षमतेच्या ५ ते १० पट, म्हणजे आपल्याकडे ८० ते १६० अँपिअर लागतात. थोडासा जास्त प्रवाह बराच वेळ वाहिला तर आतली दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि खटका सोडते. वीस मिनिटांनी पडणे आणि निवल्याशिवाय न टिकणे ही या पट्टीची खूण आहे. आरसीसीबी पडत नाही, त्यामुळे गळतीची शंकाही बाजूला ठेवता येते.

आपल्या हिशेबातून बॅटरीचा चार्जर सुटला आहे, असे मला वाटते. रात्रभर फ्रिज आणि पंखे बॅटरीवर चालतात, त्यामुळे अकराला केबल जोडताच चार्जर पूर्ण जोराने भरू लागतो. तो ४० अँपिअरचा असेल, तर २३० व्होल्टच्या बाजूने ३ अँपिअर किंवा किंचित अधिक घेतो आणि एकूण आकडा १६ च्या घरात जातो. रात्रीपर्यंत बॅटरी भरलेली असते, म्हणून हा भार तेव्हा जवळजवळ नसतो. दुसरे कारण उष्णता. एमसीबीची क्षमता ३० अंश सेल्सिअसला ठरवलेली असते. त्या तापमानाला तो १.१३ पट, म्हणजे १८ अँपिअर, तासभर सहन करतो. पण पश्चिमेच्या उन्हात तापलेल्या बंद कपाटात त्याची क्षमता १४ च्या आसपास उतरते.

बॅटरीच्या फ्यूजला हात लावू नका. उदाहरणार्थ, १,५०० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १२५ अँपिअरहून अधिक ओढतो, आणि लिथियम बॅटरीच्या शॉर्टसर्किटमध्ये प्रवाह हजारो अँपिअरवर जाऊ शकतो. घरगुती विजेचा प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे घरगुती एमसीबी उघडताना ठिणगी विझते. बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसी प्रवाहात तशी संधी मिळत नाही. तिथे क्लास टी (फार मोठा प्रवाह तोडू शकणारा) फ्यूजच ठेवा.

लॅमिंग्टन रोडवरून एक क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारा) आणा आणि तो फक्त फेजच्या तारेभोवती लावा, कारण संपूर्ण केबलभोवती लावल्यास तो शून्य दाखवतो. कोकणात एखाद्या घरी ६ अँपिअरचेच सॉकेट मिळाले, तर १,३८० वॅटची मर्यादा धरून आधी एसीचा विचार करावा आणि चार्जर बंद ठेवावा.

धागाकर्तीचे उत्तर

मनापासून आभार. आज दुपारी मोजले. चार्जर बंद असताना १२.६ आणि चालू असताना १६.१ अँपिअर दिसले, तर कपाटातील तापमान ४७ अंश होते. चार्जर बंद ठेवून एसी आणि इंडक्शन ५० मिनिटे चालवले, एमसीबी पडला नाही. कारागिराला मोठ्या एमसीबीऐवजी कपाटाला जाळीचे दार आणि चार्जरला स्वतंत्र स्विच बसवायला सांगितले आहे. तो स्विच इंडक्शनच्या शेजारीच लावून घेणार आहोत, म्हणजे शेगडी लावताना हात आधी तिथे जाईल.