जबड्याखाली पाण्याची सूज, पण लेंडी घट्ट. मेंढ्यांना नेमकं काय होतंय?

आटपाडीची_ताई

नमस्कार मंडळी. आमची अडीच एकर कोरडवाहू जमीन, बावीस मेंढ्या आणि एक मेंढा. बहुतेक माडग्याळ, थोड्या दख्खनी. मालक दिवसभर कामावर, त्यामुळं मेंढरांचं सगळं माझ्यावर आणि सासूबाईंवर. सकाळी कोकरं आयांना लावायची, वाडा झाडायचा, मग चारायला घेऊन जायचं. सासूबाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून चारणी माझीच.

पूर्वी माळ होता. टेंभू योजनेचं पाणी आलं तसं माळ फुटून तिथं डाळिंब आणि ऊस झाला. पाणी आलं याचा आनंदच आहे, पण मेंढरू न्यायचं कुठं? चारी-बंधाऱ्याच्या कडेनं, नाहीतर ओळखीच्यांच्या डाळिंबात. बागवाल्यांचं तण निघतं, आमच्या मेंढ्यांचं पोट भरतं.

आता प्रश्न. श्रावणापासून चार मेंढ्यांच्या जबड्याखाली संध्याकाळी सूज येते. हाताला थुलथुलीत लागते आणि सकाळी बरीच उतरते. त्याच मेंढ्या चालताना मागं पडतात, चार पावलं टाकून थांबतात. औषधाच्या दुकानात सांगितलं, लेंडी घट्ट आहे म्हणजे जंत नाहीत. तरी नेहमीचं जंताचं औषध, अल्बेंडॅझोल, पाजलं. फरक नाही.

दुसरं म्हणजे, गेल्या महिन्यात एका चांगल्या अंगाच्या मेंढीला कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी झाली, डोळे पिवळे पडले आणि दोन दिवसांत ती गेली. दोन्ही एकच आजार आहे का? बाकीच्यांना लागेल याची भीती वाटते. आमच्या दवाखान्यात डॉक्टर ठरावीक वारीच असतात.

म्हसवडचा_मेंढपाळ

ताई, सकाळी दव असताना मेंढरं सोडू नका. ऊन चढून गवत सुकलं की सोडा. आणि बंधाऱ्याच्या काठची हिरवीगार पट्टी मेंढराला गोड लागते, पण तिथूनच दुखणं घरी येतं. आमचे वडील तिकडं कळप वळूच द्यायचे नाहीत.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

ताई, तुम्ही बारकाईनं लिहिलंय म्हणून सांगणं सोपं आहे. माझ्या मते हे दोन वेगळे आजार आहेत.

आधी सूज. लेंडी घट्ट म्हणजे जंत नाहीत, हा समज फार मेंढ्या मारतो. चौथ्या पोटात हिमोंकस नावाचा जंत असतो, तो रक्त पितो. त्यानं हगवण लागतेच असं नाही. रक्त कमी होतं, दम लागतो आणि जबड्याखाली पाणी उतरतं. दिवसभर मान खाली घालून चरल्यावर ते पाणी साठतं आणि रात्रीत ओसरतं, म्हणून तुम्हाला संध्याकाळी दिसतं.

औषधाच्या आधी डोळा बघायला शिका. मेंढी उन्हात धरा. अंगठ्यानं वरची पापणी हलकी दाबा, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघायचा नाही, पापणीच्या आतली कातडी बघायची. लालसर असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर लक्ष ठेवा. पांढरट असेल तर त्याच दिवशी औषध हवं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सगळ्यांचे डोळे बघा आणि ज्यांना गरज आहे त्यांनाच पाजा. सरसकट आणि वर्षानुवर्षं एकच औषध पाजलं की जंतांना त्याची सवय होते. तुमच्याकडं तसं झालेलं असू शकतं. डोसही अंदाजानं नको. ताणकाट्यावर वजन करा, कमी डोस हे औषध निकामी होण्याचं मोठं कारण आहे.

लेंडीचा ताजा नमुना दवाखान्यात द्या. बंधाऱ्याच्या काठाला गोगलगायी असतील तर यकृतातल्या चपट्या कृमींनीही अशीच सूज येते आणि त्याचं औषध निराळं. काय पाजायचं ते तपासणीवर ठरू द्या. गाभण मेंढी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल चालत नाही. औषध पाजताना मेंढीचं तोंड फार वर उचलू नका, छातीत जातं.

आता मेलेली मेंढी. त्या डाळिंबात रोगासाठी बोर्डो मिश्रण फवारतात का? बोर्डोत मोरचूद असतं, म्हणजे तांबं. गाय-शेळी जेवढं तांबं सोसते तेवढं मेंढी सोसत नाही. ते तिच्या यकृतात महिनोन्‌महिने साठत जातं, वरून काही कळत नाही. मग एके दिवशी यकृत ते एकदम सोडतं, रक्तपेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते, डोळे पिवळे पडतात. चांगल्या अंगाची मेंढी अचानक जाते ती अशी. गोचिडांचा एक आजारही लघवी लाल करतो, म्हणून खात्री तपासणीनंतरच. पुन्हा कुठली गेली तर पुरू नका, आधी डॉक्टरांना कळवा. ते यकृत-मूत्रपिंडाचा नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवू शकतात.

तांब्याची ही बाधा एकीकडून दुसरीला लागत नाही, ती भीती सोडा. मात्र त्या बागेत चरलेल्या सगळ्यांच्या पोटात थोडंफार गेलेलं असेल. आणि गायीचं खनिज मिश्रण किंवा गोळीपेंड मेंढ्यांना घालत असाल तर आजच बंद करा, त्यातही तांबं असतं.

आटपाडीची_ताई

दादा, तुमचं वाचून लगेच बागवाल्यांना विचारलं. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बोर्डो आणि मध्ये मध्ये कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तेही तांब्याचंच, फवारतात म्हणाले. गायीची गोळीपेंडही कोकरं पाजणाऱ्या मेंढ्यांना मूठमूठ घालत होतो, ती बंद केली. आज सगळ्यांचे डोळे बघितले. सूज असलेल्या चारही पांढऱ्या, शिवाय सूज नसलेल्या दोन तशाच निघाल्या. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ नंबरला फोन केलाय, गाडी उद्या येते म्हणालेत. एक सांगा, फवारणी झाल्यावर किती दिवसांनी बागेत सोडलं तर चालेल? चाऱ्याची दुसरी सोय सध्या नाही.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

दिवस मोजून उपयोग नाही. तांबं उडून जात नाही, पावसानं पानांवरून खालच्या तणावर आणि मातीत उतरतं. त्या बागेत मेंढ्या नकोत आणि तिथलं तण कापूनही घालू नका. तण शेळीवाल्यांना द्या. उद्या डॉक्टरांना बोर्डोचं आधी सांगा. साठलेलं तांबं कमी करायला मॉलिब्डेटचं औषध असतं, पण ते लघवी लाल व्हायच्या आधी द्यावं लागतं आणि डॉक्टरांच्याच हातून.

सांगोल्याचा_बागायतदार

माझी डाळिंबाची बाग आहे. एक टक्का बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, आणि हंगामात ते एकदाच मारून भागत नाही. मेंढरांना ते बाधतं हे आम्हा बागवाल्यांना कुणी सांगत नाही. आमच्याकडं धनगर मंडळी दर वर्षी मेंढरं बसवायला येतात. यापुढं मी त्यांना बागेऐवजी ज्वारीच्या मोकळ्या रानात बसवीन. लेंडीखत तिथंही हवंच आहे.

ताई, चाऱ्याचं म्हणाल तर बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावा, पावसाळा संपायच्या आत. तोवर कडब्याची कुट्टी लागली तर सांगा, माझ्याकडं गंजी शिल्लक आहे. आटपाडी इथून लांब नाही.